एकतीस मुली आणि हेमंतचं बटण

आमच्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीत यंदा सुलभाताई निवडून आल्या, आणि पहिल्याच बैठकीत त्यांनी जाहीर केलं की येत्या वधूवर मेळाव्याला निर्मलाचा तोच जुना प्रोग्रॅम चालवायचा. "नवीन-बिवीन काही नको. सात वर्षांपूर्वी ज्यात माझ्या हेमंतला एकतीस मुलींनी पसंत केलं होतं ना, तोच. शुभ आहे तो." सगळ्यांनी हात वर केले. निर्मला म्हणजे मीच. मी हात वर केला नाही, कारण चहाचा कप मला दोन्ही हातांनी धरून ठेवावा लागत होता.

त्या मेळाव्यात मुली एकूण एकतीसच होत्या. सगळ्याच्या सगळ्या मुलींना एकच मुलगा कसा आवडेल, हे सुलभाताईंच्या मनात कधी आलं नाही. आईच्या मनात ते येत नाहीच. माझ्या मनातून मात्र ते सात वर्षांत एक दिवस गेलेलं नाही. सुलभाताई आमच्यापासून दोन घरं सोडून राहतात आणि दिवाळी अंक मुखपृष्ठापासून शेवटच्या मसाल्याच्या जाहिरातीपर्यंत वाचतात. तोंडावर सांगायची माझी छाती नाही. म्हणून संपादकांनी "तुमच्या व्यवसायातले अनुभव लिहा" म्हटल्यावर मी लगेच हो म्हणाले.

आता आधी माझा व्यवसाय सांगते, नाहीतर माझा गुन्हा तुम्हाला कळायचा नाही.

बड्या फुहाऱ्याच्या चौकात एका कापड दुकानाच्या वरच्या खोलीत बसून मी तीस वर्षं दुकानदारांसाठी प्रोग्रॅम लिहिले. पाटीवर स्पष्ट लिहिलं होतं, तरी लोक यायचे आणि विचारायचे, "मॅडमजी, मिक्सर भी देखती हो क्या?" दोनदा मी पाहूनही दिला. एकदा तो चालूही झाला.

कंप्यूटरच्या पडद्यावर तुम्ही जी बटणं दाबता, ज्या चौकटीत नाव-गाव लिहिता, ती मांडायच्या दोन पद्धती असतात. एक म्हणजे सगळी बटणं आधीच ठरवून, जागच्या जागी बसवून टाकायची. दुसरी म्हणजे आधी काहीच ठेवायचं नाही. प्रोग्रॅम चालू झाला की त्याने यादी बघायची आणि यादीत जितकी नावं तितकी बटणं तिथल्या तिथे तयार करायची. पंगतीला माणसं किती आली ते पाहून पानं मांडतो, तसंच हे. मला ही दुसरी पद्धत भयंकर आवडते. काल जे बटण जगात नव्हतं ते आज आपसूक पडद्यावर येऊन बसतं, हे बघायला मला साठी उलटल्यावरही मजा येते. आमच्या ह्यांना येत नाही. प्रत्येकाचा स्वभाव.

ही पद्धत मी शिकले ती खालच्या कापडवाल्या सेठजींमुळे. त्यांच्या बिलाच्या प्रोग्रॅममध्ये मी कापडाच्या बारा प्रकारांची बारा बटणं करून दिली होती. मग दर आठवड्याला जिन्यातून हाक यायची, "बहनजी, एक बटन और लगा दो!" रेयॉन आलं, बटण लावा. लेगिंगचं कापड आलं, बटण लावा. शेवटी मी हात टेकले आणि यादीवरून बटणं आपोआप होतील असा प्रोग्रॅम करून दिला. सेठजी, तुम्ही नुसतं नाव लिहा, बटण हजर. माझी चूक एवढीच की एवढी ताकद मी एका माणसाच्या हातात दिली. महिन्याभरात त्यांच्या पडद्यावर 'लाल सूती', 'थोड़ा कम लाल सूती' आणि 'मिसेस तिवारी वाला लाल' अशी बटणं झाली. ती वाढत वाढत इतकी खाली गेली की 'बंद करा' हे बटणच पडद्याच्या बाहेर ढकललं गेलं. सेठजींनी तक्रार केली नाही. दोन वर्षं ते रोज दुकान वाढवताना भिंतीतला प्लग उपटून कंप्यूटर बंद करत होते. मला कळलं तेव्हा म्हणाले, "हमको लगा ऐसे ही होता है."

हे वाक्य लक्षात ठेवा. यंत्र काही वेडंवाकडं करू लागलं तर ते चुकलं असं माणसाला वाटतच नाही. आपलंच काहीतरी कमी पडतंय असं वाटतं.

भेडाघाटच्या मूर्तिवाल्या दुबेजींकडेही हेच. संगमरवराच्या मूर्तीची ऑर्डर घेताना पडद्यावर मूर्तीप्रमाणे चौकटी तयार व्हायच्या. गणपती म्हटलं की हात किती, सोंड कोणत्या बाजूला. नंदी म्हटलं की शिंगं किती इंच. माणसाचा पुतळा म्हटलं की फेटा, मिशी, चष्मा. झकास चाललं होतं. पण नवीन चौकटी जन्माला घालायच्या तर आधीच्या मोडायच्याही असतात, आणि ते एका ठिकाणी मी विसरले. एका गणपतीच्या मागोमाग बरगीकडच्या एका कुटुंबाची त्यांच्या आजोबांच्या पुतळ्याची ऑर्डर आली, आणि पडद्यावर मिशीच्या खाली सोंडेची चौकट तशीच राहिली. दुकानातल्या मुनीमजींनी ती प्रामाणिकपणे भरली. चौथ्या दिवशी कारागिराचा मला फोन, "मॅडमजी, दादाजी को सूँड सचमुच लगानी है? लिखा है, दाईं तरफ."

मी किंचाळलेच. पण तोवर त्याने सोंडेपुरता दगड नाकापाशी राखून ठेवला होता. तासून तासून बेतात आणला, तरी आजोबांचं नाक चांगलंच भारदस्त झालं. घरचे पुतळा न्यायला आले, बराच वेळ बघत उभे राहिले, आणि थोरला मुलगा डोळे पुसत म्हणाला, "बाबूजी का रौब आ गया." मी त्या दिवसापासून मोडायच्या चौकटी आधी मोडते. बहुतेक वेळा.

आता मेळावा.

आमच्या मेळाव्यात पूर्वी चिठ्ठ्या असायच्या. मुलामुलींनी मंचावर येऊन ओळख करून द्यायची, मग ज्याला जो आवडला त्याचं नाव चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचं. दोघांनी एकमेकांचं नाव लिहिलं असेल तरच ते उघड करायचं, म्हणजे कुणाचा हिरमोड नाही. पण मंडळाचे सचिव वसंतराव चिठ्ठ्या उघडायला बसले की चार आया मागे उभ्या राहून अक्षर ओळखायच्या. म्हणून वसंतराव माझ्याकडे आले. "मॅडम, एकदम गुप्त पाहिजे. बटण दाबलं, झालं, कुणाला काही दिसलं नाही पाहिजे." नावनोंदणी आमच्याकडे शेवटच्या मिनिटापर्यंत चालते, तेव्हा बटणं आयत्या वेळी यादीवरून व्हायला हवीत हे उघड होतं. माझ्या आवडीचं काम! मी एक नवी भाषा शिकून त्यात प्रोग्रॅम लिहिला. मुलींसाठी प्रत्येक मुलाचं एक बटण, मुलांसाठी प्रत्येक मुलीचं, त्यावर नाव आणि फोटो. दाबलं की फक्त 'पसंती नोंदली, धन्यवाद' एवढंच दिसायचं. एकाने एकालाच पसंत करायचं.

चाचणीही घेतली. यादीत एकच नाव घातलं, आमच्या ह्यांचं. बटण दाबलं, ह्यांचं नाव नोंदलं गेलं. पुन्हा दाबलं, पुन्हा हेच. चौतीस वर्षं माझ्यापुढे तेवढाच पर्याय असल्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

हेमंत तेव्हा छत्तिशीचा. वीज खात्यात मीटर तपासायचा. उंच, पण मीटर बघून बघून पाठीत वाकलेला. आधीच्या चारही मेळाव्यांना तो हजर होता, पण कुठे? खुर्च्या लावताना, माईकची वायर जोडताना, जनरेटरपाशी. मंचावर बोलावलं की म्हणायचा, "मी हेमंत. मीटर तपासतो. बस." चार मेळावे, एक चिठ्ठी नाही. पाचव्याला तो आला तो लॅपटॉपच्या वायरी टाकायला. सुलभाताईंनी शेवटच्या क्षणी त्याचा फॉर्म माझ्या टेबलावर आणून ठेवला. मुलांच्या यादीत चौतिसावा, शेवटचा.

"निर्मला, हे शेवटचं," त्या म्हणाल्या. "ह्या वेळी पण कुणी नाही म्हटलं ना, तर घरात लग्नाचं नाव काढणार नाही मी. मेळाव्याहून आला की गच्चीवर जाऊन बसतो. मला म्हणतो, आई, मी टाकी बघून राहिलो. टाकीत काय बघून राहिला असेल तो दोन-दोन तास?" त्यांचे डोळे भरले. मी फॉर्म घेतला.

मुलींच्या यादीतलं शेवटचं नाव होतं वैशाली. कटनीला शाळेत गणित शिकवायची. ती स्वतःसाठी आलीच नव्हती, मावसबहिणीला सोबत म्हणून आली होती आणि मागे बसून पेपर तपासत होती. वसंतरावांनी तिला गाठलं, "तीस मुली झाल्यात, तुम्ही एकतिसाव्या व्हा." ती म्हणाली, "चलो, लिहा," आणि पुन्हा पेपर तपासायला लागली.

सकाळी ओळखी झाल्या. मग एकेक जण येऊन बटणं दाबून गेले. निकालाचा कागद प्रिंटरमधून बाहेर येतोय तोच वसंतरावांनी तो ओढून घेतला. गुप्त ठेवायचं म्हणणारे तेच, आणि माईकवर वाचणारेही तेच. उत्साहाच्या भरात माणसाचं असं होतं. "मंडळी, आपल्या मंडळाच्या इतिहासात असं झालेलं नाही! आपला हेमंत, एकतीस मुलींची पसंती! आणि वैशाली, चौतीस मुलांची! आणि जुळलेली जोडी एकच, हेमंत आणि वैशाली!"

हेमंत तेव्हा टेबलाखाली वायर गुंडाळत होता. तो डोक्याला लागलेलं जळमट घेऊन बाहेर आला आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं.

काय झालं ते मला त्या क्षणी दिसलं. बटण तयार करताना त्याला सांगून ठेवावं लागतं की बाबा, तुला कुणी दाबलं तर अमक्याचं नाव नोंदव. मी काय सांगितलं होतं? 'तुला कुणी दाबलं तर पाटीवर जे नाव असेल ते नोंदव.' पाटी एकच. पहिलं बटण केलं तेव्हा पाटीवर पहिलं नाव. मग ते पुसून दुसरं, ते पुसून तिसरं. चौतीस बटणं झाली तेव्हा पाटीवर शेवटचं नाव राहिलं, हेमंत. आता कुणीही कुठलंही बटण दाबा, ते पाटीकडे बघणार आणि हेमंत म्हणणार. मुलींच्या बटणांची पाटी वेगळी, तिच्यावर तसंच शेवटी वैशाली. माझ्या चाचणीत नाव एकच असल्यामुळे पहिलं आणि शेवटचं नाव तेच होतं. नवऱ्यावर विसंबले आणि फसले.

तुम्ही म्हणाल, ज्या मुलींनी दुसऱ्यांनाच दाबलं होतं त्या बोलल्या नाहीत? नाही! प्रत्येकीला वाटलं, आपलं बोट घसरलं असेल, बाकीच्या सगळ्यांनी मात्र ह्यालाच दाबलं. म्हणजे ह्याच्यात काहीतरी असणार आणि ते आपल्याच लक्षात आलं नाही. इंदूरच्या एक बाई मुलीला दटावत होत्या, "तू नीट बघितलं का नाहीस त्याला?" नागपूरच्या दोन मुलींनी जाऊन त्याला मीटरबद्दल प्रश्न विचारले. चार मेळावे ज्याला कुणी वेळ विचारली नव्हती, त्याला लोक चष्मा लावून बघत होते.

आणि सुलभाताईंनी सगळ्यांसमोर मला मिठी मारली. "निर्मला, माझ्या पोराचं सोनं केलंस ग तू!" मला तेव्हाच बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. ह्या लेखातली ही एक गोष्ट लिहिताना मला अजूनही लाज वाटते आहे.

जेवणं सुरू झाली. मी उठले आणि वसंतरावांना स्वयंपाकघराच्या मागे नेऊन सगळं सांगितलं. त्यांच्या हातातली जिलबी तशीच राहिली.

"अहो मॅडम, हे असं काहून झालं?"

"पाटी एकच होती."

"कोणती पाटी? इथे कुठे पाटी आहे?" मग त्यांनी सभागृहाकडे पाहिलं. सुलभाताई स्वतः श्रीखंडाचं भांडं घेऊन पंगतीत फिरत होत्या, "घ्या, घ्या, आज नाही म्हणायचं नाही," करत लोकांच्या पानात बळेबळे वाढत होत्या. वसंतरावांचा आवाज एकदम उतरला. "त्या बाईला मी नाही सांगू शकत. बाकीच्या पोरापोरींचं पण वाटोळं झालं हो. तुम्ही आधी हेमंतला सांगा. तो समजूतदार आहे."

हेमंत आणि वैशाली शेवटच्या रांगेत शेजारी शेजारी बसले होते, आणि इतके हसत होते की वडे वाढणारा माणूस ताटकळला होता. हेमंतला मी लहानपणापासून ओळखते. त्याचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. मी समोर बसले आणि एका दमात बोलून टाकलं, की बाळांनो, चूक माझी आहे, तुम्हाला कुणी पसंत-बिसंत केलेलं नाही, बटणं चुकीची होती.

"काकू, ते आम्हाला कढी यायच्या आधीच समजलं," हेमंत म्हणाला.

"कसं?"

"आई मागे उभी होती म्हणून मी न बघता पहिलंच बटण दाबलं होतं. यांना दाबलंच नव्हतं."

"आणि मी यांना नव्हतं दाबलं," वैशाली म्हणाली. "सॉरी हं. मग म्हटलं, चूक नेमकी कुठे आहे ते शोधू या. दोघांचं एकसारखं काय? दोघंही यादीत शेवटचे. म्हणजे प्रत्येक बटणाला शेवटचंच नाव दिसून राहिलंय. बघा." तिने पानावर मसालेभातातले मटार ओळीने मांडले होते, आणि शेवटच्या मटाराला चटणी लावली होती. माझी तीस वर्षांची विद्या त्या केळीच्या पानावर उघडी पडली होती. मला राग यायला हवा होता. पण हेमंत त्या मटारांकडे असा बघत होता की मला राग आलाच नाही.

"मग आता माईकवर सांगते," मी म्हटलं.

हेमंतने आईकडे पाहिलं. त्या तेव्हा इंदूरच्या बाईंना तिसऱ्यांदा वाढत होत्या. "आज नको, काकू," तो म्हणाला. "उद्या मी सांगतो तिला."

वैशाली म्हणाली, "बाकीच्यांचं तर नीट करायला पाहिजे ना? एक जोडी जुळली, उरलेल्यांसाठी दुसरी फेरी, असं सांगून टाका." ते ऐकून हेमंतचे कान लाल झाले. 'एक जोडी जुळली' हे तिने इतक्या सहज म्हटलं होतं.

वसंतरावांनी तसंच जाहीर केलं आणि मी लॅपटॉपपाशी बसले. दुरुस्ती किती होती? दीड ओळ. पाटी काढून टाकायची आणि प्रत्येक बटणाच्या खिशात त्याची त्याची चिठ्ठी ठेवायची. ह्या वेळी चाचणीला पाच नावं घेतली आणि वैशालीने शेजारी उभं राहून पाचही दाबायला लावली, मी तिच्या वर्गातली विद्यार्थिनी असल्यासारखी. दुसरी फेरी झाली. सगळे दाबून गेले. शेवटी वैशाली पुन्हा आली.

"तुझं काय आता?" मी म्हटलं.

"नीट चालतं का ते बघते ना," ती म्हणाली. तेव्हा मला दिसलं की हेमंतचं बटण काढायला मी विसरले होते. भेडाघाटची सवय. ते चौतिसाव्या जागी तसंच होतं, फोटोत तो कुणीतरी हाक मारल्यासारखा बाजूला बघत होता. "काकू, तिकडे बघा," वैशाली म्हणाली. मी तिकडे बघितलं. टक् असा आवाज आला आणि ती निघून गेली.

निकालाचा कागद ह्या वेळी मी स्वतः घेतला. पाच जोड्या जुळल्या होत्या, त्या वसंतरावांना वाचायला दिल्या. अगदी खालची ओळ तेवढी मी फाडून पर्समध्ये ठेवली.

हेमंतचा 'उद्या' काही आला नाही. दुसऱ्या दिवशी सुलभाताईंनी गल्लीत पेढे वाटले, मग साखरपुडा, मग लग्न, मग चिनू झाली. चिनू आता चार वर्षांची आहे आणि घरातलं प्रत्येक बटण दाबून बघते. हळदीकुंकवाला कुणी नवीन बाई आली की सुलभाताई तिला एकतीस मुलींची गोष्ट सांगतात, आणि वैशाली मान खाली घालून तिळगूळ वाटत राहते. हेमंत ताठ चालतो. मीटर बघायला आता जरासं गुडघ्यात वाकतो.

तेव्हा सुलभाताई, तुम्हाला हवा असलेला तो पहिल्या फेरीतला, दुरुस्तीआधीचा प्रोग्रॅम चालवता येणार नाही. यंदा सर्वांत शेवटी नाव नोंदवलंय ते आपल्या वसंतरावांच्या मेहुण्याने, आणि त्याला सगळ्या मुली मिळाल्या तर मंडळ फुटेल. ते एकतीस माझे होते हो. माझ्या हातून झालेले. माझ्यावर रागवा, महिनाभर बोलू नका, पण हेमंतला काही म्हणू नका.

ह्या अंकाबरोबरच फराळाचा डबा पाठवते आहे. चकल्यांच्या खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदाची एक पट्टी आहे, तेवढी तेल न लागता काढून घ्या. तिच्यावर छापलंय, 'हेमंत – १'. हे बटण बरोबर चालत होतं.